नव्व्याण्णव रुपयांचे दुकान

रमजानमधल्या अठराव्या रोज्याची गोष्ट. तारीख होती १९ मार्च २०२५. दुपारच्या नमाजनंतर सोलापूरहून आपाचा फोन आला. "सकाळपासून एकही ऑर्डर आली नाही. जरा बघ बरं." मी मोबाइलवर तिच्या दुकानाचा पत्ता टाकला. दुकानाच्या जागी एक पांढरे पान उघडले. त्यावर लिहिले होते की या नावाची मुदत संपली आहे.

आपाचा घरगुती शेवयांचा व्यवसाय आहे. पाटावरच्या हातशेवया, भाजलेल्या बारीक शेवया आणि शिरखुर्म्यासाठी चारोळी, खारीक, बदाम, पिस्ते एकत्र बांधलेले पुडे. एकूण चौदा वस्तू. तिच्यासोबत मोहल्ल्यातल्या सहा बायका काम करतात आणि त्यांची मजुरी किलोवर ठरलेली आहे. एरवी महिन्याला चाळीसेक ऑर्डरी येतात. रमजानमध्ये तो आकडा चारशेवर जातो. पुणे, मुंबई, हैदराबाद, गुलबर्गा इथपर्यंत पार्सले जातात. वर्षभराच्या कमाईचा मोठा वाटा या एका महिन्यातून येतो आणि ऐन गर्दी असते ती पंधराव्या रोज्यानंतर. कारण कुरिअरला चार-पाच दिवस लागतात आणि ईदच्या सकाळी शेवया घरात असाव्या लागतात.

त्या दिवसापासून पुढचे पाच दिवस दुकान बंद राहिले. दिवसाला वीस-पंचवीस ऑर्डरी येत होत्या, सरासरी सहाशे रुपयांच्या. म्हणजे साठ हजारांहून जास्त विक्री गेली. तयार माल पत्र्याच्या डब्यांत भरून पडला. ईदनंतर शिरखुर्म्याचा पुडा कोण घेणार? सहा बायकांची मजुरी आपाने दिली, पण ती तिच्या खिशातून.

आता हे घडले कसे, ते सांगतो. कारण ज्यांची छोटी दुकाने आज इंटरनेटवर आहेत किंवा येऊ घातली आहेत, त्यांच्यापैकी अनेकांचा कारभार अगदी असाच चालतो.

२०२२ साली शब-ए-बारातच्या आसपास आपाने वेबसाइट करून घ्यायचे ठरवले. रमजान तोंडावर होता. शेजारचा एक मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याने सहा हजार रुपयांत सगळे करून दिले. मुलगा प्रामाणिक होता, आजही आहे. त्याने आपाचे पैसे वाचावेत म्हणून सर्वात स्वस्त होस्टिंग शोधले, महिना ९९ रुपये. अट एकच होती, तीन वर्षांचे पैसे एकदम भरायचे. त्याच खात्यातून त्याने वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, तेही तीन वर्षांसाठी घेतले. खाते उघडले ते स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या कॉलेजच्या ईमेलवर. यात त्याचा काही डाव नव्हता. समोर फॉर्म होता, त्याने तो भरला.

पुढे तो पास झाला आणि नोकरीसाठी दोह्याला गेला. कॉलेजने जुन्या विद्यार्थ्यांचे ईमेल बंद केले. डोमेनची मुदत संपण्यापूर्वी साधारण एक महिना आणि एक आठवडा आधी स्मरणपत्र पाठवणे नोंदणी करणाऱ्या कंपनीवर बंधनकारक असते. मुदत संपल्यावरही एक पत्र पाठवावे लागते. ही पत्रे गेली असणार, पण ती अशा पेटीत पडली जी आता कोणी उघडू शकत नव्हते.

आणखी एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. इंग्रजी तारीख जागेवर राहते, रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२२ मध्ये पहिला रोजा एप्रिलच्या सुरुवातीला होता, २०२५ मध्ये मार्चच्या सुरुवातीला. नाव घेतले तेव्हा १९ मार्च ही रमजानपूर्वीची निवांत तारीख होती. तीन वर्षांत रमजान महिनाभर अलीकडे आला आणि तीच तारीख ऐन हंगामात जाऊन बसली.

आम्ही कंपनीला फोन केले. ते म्हणाले, खातेदाराशीच बोलू. खातेदार दोह्यात. त्याचा ईमेल बंद. मग ओळखपत्र पाठवा, जुने बिल शोधा, अर्ज भरा, उत्तराची वाट पाहा. तो बिचारा ड्यूटीवरून आल्यावर रात्री जागून हे करत होता आणि आम्ही सहेरीपर्यंत फोनवर होतो. पाचव्या दिवशी खाते मिळाले, पैसे भरले, दुकान उघडले. कंपनीला दोष द्यावा असे मला वाटत नाही. कागदावर त्या नावाचा मालक तो मुलगा होता आणि त्यांनी मालकाकडेच ओळख मागितली. आपाच्या दुकानाच्या कागदावर आपा कुठेच नव्हती.

या पाच दिवसांनंतर मी स्वस्त या शब्दाचा नीट विचार करायला लागलो. 'स्वस्त होस्टिंग कोणते घ्यावे' हा प्रश्न मला ओळखीचे अनेक जण विचारतात. कोणी अत्तर विकतो, कोणी बुरखे आणि दुपट्टे शिवते, कोणी सोलापुरी चादरी पाठवतो. मी काही संगणकाचा पदवीधर नाही. पण आपाचे दुकान पुन्हा उभे करताना जे शिकलो, त्यावरून माझे एक मत बनले आहे. ज्या होस्टिंगची चावी आपल्या हातात आहे, ज्याचे दुसऱ्या मुदतीचे भाडे आपल्याला आज ठाऊक आहे आणि ज्यातून आपण सामानासकट केव्हाही निघू शकतो, तेच स्वस्त. पाटीवरचा आकडा यानंतर पाहायचा.

आधी नाव आणि जागा यांतला फरक समजून घेऊ. डोमेन म्हणजे दुकानाचे नाव आणि पत्ता. होस्टिंग म्हणजे माल मांडायची जागा, भाड्याचा गाळा. गाळा बदलता येतो. आज या बाजारात, उद्या त्या बाजारात. पण नाव गेले तर गिऱ्हाईक कुठे येणार? आपाने दोन हजार पाकिटांवर वेबसाइटचा पत्ता छापून घेतला होता. ती पाकिटे किती घरांच्या फडताळांत असतील. गाळ्याचे भाडे थकले तर दुसरा गाळा मिळेल, पण ती पाकिटे परत बोलावून त्यांवर नवे नाव छापता येत नाही.

नावसुद्धा कायमचे विकत मिळत नाही, हेही लक्षात ठेवावे. तेही वर्षाच्या बोलीवरच असते. फक्त ते ज्याच्या नावावर नोंदले आहे, त्याचाच पुढच्या वर्षासाठी पहिला हक्क राहतो. मुदत संपल्यावर काही दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण करता येते. किती दिवस, ते प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. त्यानंतर .कॉमसारख्या नावांना तीस दिवसांची आणखी एक संधी असते, पण तेव्हा नेहमीच्या रकमेवर जबर दंड लागतो. तीही चुकली तर नाव बाजारात मोकळे होते आणि कोणीही ते घेऊ शकतो. आम्ही पहिल्याच टप्प्यात होतो म्हणून वाचलो.

म्हणून माझी पहिली सूचना होस्टिंगबद्दल नाहीच. नाव दुकानदाराने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या रोजच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइलवर घ्यावे. नोंदणीधारक म्हणून जे नाव लिहिले जाते, तोच कागदोपत्री मालक. साइट भाचा बनवू दे, शेजारचा मुलगा बनवू दे किंवा कंपनी बनवू दे, डोमेनचे खाते आपले. त्याला काम करायला परवानगी द्या, चावीची जोडी देऊ नका. आणि नाव एका ठिकाणी, होस्टिंग दुसऱ्या ठिकाणी ठेवता आले तर उत्तम. घरमालकाशी वाजले तर दुकानाची पाटी त्याच्याच ताब्यात असू नये.

'होस्टिंगसोबत डोमेन फुकट' ही जाहिरात म्हणूनच मला आवडत नाही. बहुतेक ठिकाणी ते पहिल्या वर्षापुरतेच फुकट असते आणि मधेच पैसे परत मागितले तर परताव्यातून डोमेनची किंमत कापून घेतात. साध्या .कॉम नावाला वर्षाला साधारण हजार ते दीड हजार रुपये पडतात. म्हणजे दिवसाला तीन-चार रुपये. ज्या नावावर धंदा उभा आहे, त्याची ही किंमत जड नाही.

आता येऊ ९९ रुपयांकडे. आपाची जुनी बिले काढून मी हिशोब मांडला. ९९ गुणिले ३६ महिने, झाले ३,५६४ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,२०५ रुपये. हे एकरकमी गेले. नूतनीकरणाच्या वेळी त्याच योजनेचा दर होता महिना ३४९ रुपये. पुन्हा तीन वर्षांचे घेतले तर १२,५६४ आणि जीएसटी धरून १४,८२५ रुपये. दोन्ही मुदती मिळून सहा वर्षांचे झाले १९,०३० रुपये. बहात्तर महिन्यांनी भागले तर महिना २६४ रुपये पडतात. तेव्हा दुकान ९९ रुपयांचे कधीच नव्हते.

ही लबाडी आहे असे मी म्हणत नाही. दुसऱ्या मुदतीचा दर बहुतेक कंपन्या पानावर कुठेतरी लिहितात. फक्त तो लहान अक्षरांत असतो आणि ९९ मोठ्या. खरेदीचा नियम सोपा आहे. कोणतीही योजना पाहताना आधी नूतनीकरणाचा दर शोधायचा, त्यात १८ टक्के मिळवायचे आणि तोच आकडा खरा धरायचा. पहिल्या मुदतीची सवलत ही ईदी समजावी. मिळाली तर आनंद, पण घर काही ईदीवर चालत नाही.

मग तीन वर्षांचे एकदम घ्यावे का? दर नक्कीच कमी पडतो. पण नव्या दुकानाने माझ्या मते पहिले वर्ष एकाच वर्षाचे घ्यावे. सेवा कशी आहे, फोन उचलतात का, हंगामात साइट टिकते का, हे वर्षभरात कळते. तीन वर्षे बांधून घेतल्यावर कळले तर काय करणार?

या हिशोबात आणखी एक छोटी गोष्ट सापडली. आपा माल महाराष्ट्राबाहेर पाठवते, म्हणून तिने जीएसटी नोंदणी केली आहे. होस्टिंगचे बिल तिच्या व्यवसायाच्या नावावर आणि तिच्या जीएसटी क्रमांकावर असते, तर त्यातला कर तिच्या देण्यातून वजा झाला असता. बिल त्या मुलाच्या नावावर होते. सहाशे चाळीस रुपये वाया गेले. रक्कम लहान आहे, पण कागद दुसऱ्याच्या नावावर असला की अशी छोटी छोटी गळती सगळीकडून होत राहते.

आता कोणत्या प्रकारचे होस्टिंग, हा प्रश्न. सगळ्यात स्वस्त असते ते शेअर्ड होस्टिंग. एकाच सर्व्हरवर शेकडो वेबसाइट. ही चाळ समजा. खोली आपली, पण पाण्याची टाकी सामाईक. एरवी काही अडचण येत नाही. सगळ्यांनी एकदम नळ सोडले की धार बारीक होते. योजनेवर 'अनलिमिटेड' लिहिलेले असले तरी टाकी काही अमर्याद नसते. फाइलींची संख्या, प्रोसेसरचा वापर, एका वेळी किती विनंत्या चालतील, या सगळ्यांना मर्यादा असतात आणि त्या नियमांच्या पानावर लिहिलेल्या असतात. त्या वाचाव्यात.

दुकानाला ही गोष्ट माहितीपर साइटपेक्षा जास्त जाचते. त्याचे कारण असे. साधे पान एकदा तयार करून ठेवता येते आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच देता येते. थर्मासमधला चहा, ओतला की झाले. पण गिऱ्हाइकाची पिशवी आणि पैसे भरण्याचे पान प्रत्येकासाठी नव्याने बनवावे लागते. दर कपाला ताजा चहा. शंभर लोक शेवयांचे फोटो पाहत असतील तर स्वस्त सर्व्हरही तग धरतो. त्यातले वीस जण एकाच वेळी पैसे भरू लागले की तो धापा टाकतो. रमजानमध्ये तरावीहनंतरच्या तासाभरात आपाकडे नेमके हेच होत असे.

यावर महागडी योजना घ्या, असा सल्ला मिळतो. आम्ही आधी फुकटचे उपाय केले. आपाने मोबाइलवर काढलेले फोटो जसेच्या तसे चढवले होते, एकेक चार-चार एमबीचा. ते लहान करून दीडशे केबीच्या आत आणले. दिसण्यात फरक नाही, पान मात्र झटकन उघडू लागले. नको असलेली आठ प्लगइन काढली. सर्व्हर मुंबईतला निवडला. आपले गिऱ्हाईक पुण्यात आणि हैदराबादेत असताना माल अमेरिकेतल्या सर्व्हरवर ठेवला, तर प्रत्येक विचारणेला जाऊन-येऊन दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतात आणि एका पानासाठी अशा अनेक फेऱ्या होतात. मुंबईतल्या सर्व्हरला त्याच फेरीला याच्या कितीतरी कमी वेळ लागतो. बऱ्याच कंपन्या खरेदीच्या वेळी सर्व्हर कुठला हवा ते विचारतात. आपण घाईत पुढे जातो.

काही गोष्टींना पैसे देऊच नयेत. साइटवरची देवाणघेवाण सुरक्षित राहावी म्हणून लागणारे एसएसएल प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट' ही ना-नफा सेवा फुकट देते आणि बहुतेक होस्टिंग कंपन्या तेच आपोआप बसवून देतात. छोट्या दुकानाला वेगळे विकत घेण्याची गरज नाही. वर्डप्रेस फुकट आहे. त्यावर दुकान चालवणारे वूकॉमर्सही मूळ स्वरूपात फुकट आहे. खरेदीच्या शेवटच्या पानावर आधीच खुणा करून ठेवलेल्या चार-पाच जादा सेवा असतात. त्या एकेक करून काढाव्यात आणि मगच बेरीज पाहावी.

उलट ज्याची किंमत दिसत नाही पण जी गरजेची आहे, ती गोष्ट म्हणजे बॅकअप. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली. ज्यांची साइट आणि तिची प्रत दोन्ही त्याच आवारात होती, त्यांच्यापैकी अनेकांचे सगळे गेले. म्हणून कंपनी रोज बॅकअप घेते यावर समाधान मानू नये. आपा आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आणि रमजानमध्ये दर जुम्याला पूर्ण प्रत उतरवून पेनड्राइव्हवर ठेवणार आहे. दहा मिनिटांचे काम. हीच प्रत हातात असली की गाळा बदलणेही सोपे होते. दुसऱ्या कंपनीकडे जा, प्रत चढवा, नावाची दिशा तिकडे वळवा. नावही हलवायचे असेल तर आधीच्या कंपनीकडून त्याचा हस्तांतरणाचा कोड मागून घ्यायचा. निघण्याची वाट मोकळी असली की कंपनीही आपल्याशी नीट वागते.

'९९.९ टक्के चालू' या हमीचेही गणित करून पाहा. वर्षात सुमारे पावणेनऊ तास बंद राहिले तरी ती हमी मोडत नाही. हे पावणेनऊ तास पावसाळ्यात गेले तर आपाला कळणारही नाही. सत्ताविसाव्या रोज्याला गेले तर? हमी सरासरीची असते, धंदा हंगामाचा असतो. म्हणून कंपनी निवडताना मी टक्केवारीपेक्षा एक गोष्ट जास्त पाहतो. रात्री अकराला प्रश्न विचारला तर माणूस उत्तर देतो का, आणि किती वेळाने? पैसे भरण्याआधीच एकदा विचारून पाहावे. गिऱ्हाईक होण्याआधी जो उत्तर देत नाही, तो नंतर काय देणार?

आणि कोणती कंपनी चांगली हे शोधायला 'सर्वोत्तम दहा होस्टिंग' अशा याद्या वाचत बसू नये. त्यांपैकी अनेकांना तुम्ही त्यांच्या दुव्यावरून खरेदी केली की दलाली मिळते. दलाली हराम आहे असे नाही, पण दलाल आपला पंच असू शकत नाही. तुमच्यासारखाच धंदा करणाऱ्या आणि एकदा तरी नूतनीकरण केलेल्या माणसाला विचारा. पहिल्या वर्षी सगळेच खूश असतात.

इथे दोन आक्षेप येतील, आणि ते योग्यही आहेत. पहिला, एवढी कटकट कशाला? व्हॉट्सॲप बिझनेसवर वस्तूंची यादी फुकट लावता येते, यूपीआयने पैसे घेता येतात, दुकान झाले. मी मान्य करतो. ज्याच्या महिन्याला दहा-वीस ऑर्डरी आहेत आणि सगळी गिऱ्हाइके ओळखीची आहेत, त्याने एक पैसाही होस्टिंगवर घालू नये. फक्त एक करावे. स्वतःच्या नावाचे डोमेन घेऊन ठेवावे आणि ते एखाद्या साध्या फुकट पानाकडे वळवावे. गुगलच्या ब्लॉगरवर असे पान होते. गिटहब पेजेसही फुकट असते, पण ऑनलाइन धंद्यासाठी ते वापरायला त्यांच्या नियमांत मनाई आहे. म्हणून फुकटचेही नियम वाचावेत. उद्या व्हॉट्सॲपचे खाते बंद पडले किंवा नंबर बदलला, तर पाकिटावरचा पत्ता तरी तोच राहील.

आपाला मात्र ते पुरेना. रमजानमध्ये एका दिवसात दीडशे मेसेज येत. 'एक किलोचा भाव काय', 'ईदआधी पोचेल का', 'पिनकोड पाठवला, मिळाला का'. सहेरीपासून इफ्तारपर्यंत ती फोनवर असे आणि शेवया बघायला कोणी नसे. भाव, वजन, पत्ता आणि पैसे हे सगळे गिऱ्हाइकाने स्वतः भरावे, यासाठीच तिने वेबसाइट घेतली होती. काम किती वाचते, त्यावर वेबसाइट हवी की नको ते ठरते. पुतण्या म्हणतो म्हणून किंवा शेजारच्या दुकानाची आहे म्हणून घ्यायची ती वस्तू नाही.

दुसरा आक्षेप माझ्या भाच्याचा. "मामू, शेअर्ड कशाला? चार-पाचशेत स्वतंत्र सर्व्हर मिळतो. मी लावून देतो." त्याचे बरोबर आहे, मिळतो. पण तो सर्व्हर सांभाळणार कोण? त्याची दुरुस्ती, सुरक्षेचे अपडेट, बंद पडला तर रात्री उठून चालू करणे. भाचा उद्या बंगळुरूला जाईल, जसा तो मुलगा दोह्याला गेला. मुले जाणारच, जावीतही. ज्या गोष्टीला रोज राखणदार लागतो ती छोट्या दुकानाला स्वस्त पडत नाही. बिलात राखणदाराचा पगार दिसत नाही एवढेच.

हे सगळे पाहताना एक ताळमेळही ठेवायला हवा. होस्टिंग हा ऑनलाइन दुकानाचा मोठा खर्च नाहीच. ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या कंपन्या साधारण २ टक्के घेतात आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. सहाशेच्या ऑर्डरीवर हे १४ रुपये होतात. चारशे ऑर्डरींचे साडेपाच हजारांहून जास्त. एका महिन्यात! त्यापुढे होस्टिंगचे २६४ रुपये ते काय? कुरिअर तर त्याहून कितीतरी महाग. तरी आम्ही दोन दिवस घालवले ते ९९ की १२९ या चर्चेत. बचत करायची तर फाटलेल्या पाकिटात, परत आलेल्या पार्सलांत आणि चुकलेल्या पत्त्यांत करावी.

एक सूचना कायद्याची. २०२० च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने आपले नाव, पत्ता, संपर्क, माल परत घेण्याच्या अटी आणि तक्रार कोणाकडे करायची ते दाखवायला हवे. तक्रार ४८ तासांत पोचल्याचे कळवायचे आणि महिन्याभरात निकाली काढायची. आपाच्या साइटवर यातले काहीच नव्हते. आम्ही एक पान लिहिले. साध्या मराठीत आणि इंग्रजीत. खाली आपाचे नाव घातले. ते वाचून ती म्हणाली, "तीन वर्षांनी दुकानावर माझं नाव आलं."

त्या वाक्यावर मी बराच विचार केला. आपल्याकडे बायका कमावतात, पण गॅसजोडणी नवऱ्याच्या नावावर, सिमकार्ड मुलाच्या नावावर, बँकेचा ईमेल पुतण्याचा. कोणाच्या मनात वाईट नसते. 'तुला कशाला त्रास' असे म्हणून सगळे प्रेमाने आपल्या नावावर करून घेतात. धंदा वाढतो आणि मालकीण आपल्याच दुकानाबाहेर उभी राहते. हे फक्त मुसलमान घरांत होते असे नाही. बचत गटातल्या पापड-लोणच्यांच्या वेबसाइटचा पासवर्ड कोणाकडे आहे, हे एकदा विचारून पाहा.

आता डोमेनचे खाते आपाच्या नावावर आहे. ईमेल तिचा, ओटीपी तिच्या मोबाइलवर. पासवर्ड तिच्या हिशोबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला आहे आणि वही कपाटात. तज्ज्ञ याला नावे ठेवतील, पण विसरलेल्या पासवर्डपेक्षा कुलपातली वही बरी. डोमेनचे नूतनीकरण दोन वर्षांचे केले. पुढची तारीख येते १९ मार्च २०२७. त्या वर्षी ईद मार्चच्या दहा तारखेच्या आसपास येईल, म्हणजे तारीख हंगामानंतरची. तरी आपाने ठरवले आहे की पैसे मुदतीच्या दोन महिने आधीच भरायचे, शाबानमध्येच. होस्टिंग एका वर्षाचे घेतले, मुंबईच्या सर्व्हरवर, तिच्या जीएसटी क्रमांकाच्या बिलावर. ते ९९ रुपयांना मिळाले नाही.

वाचकहो, तुमचे किंवा तुमच्या घरात कोणाचे असे दुकान असेल तर हा लेख संपवून तीन गोष्टी तपासा. नाव कोणाच्या नावावर आहे. त्याची मुदत कधी संपते. आणि आज रात्री साइट गेली, तर उद्या सकाळी ती उभी करायला तुमच्याकडे प्रत आहे का. तिन्हींची उत्तरे दुकान चालवणाऱ्याला स्वतःला देता आली पाहिजेत. त्यासाठी कोणाला दोह्याला फोन करावा लागत असेल, तर तो रमजानची वाट न पाहता आजच करा.